हिरव्या गाडीचं तिसरं इंजिन

इंजिन बंद पडलं तेव्हा गाडीत नवरी बसली होती. विचुंब्याच्या रस्त्यावर, लग्नाचा हॉल समोर दिसत असताना, बॉनेटखालून घण मारल्यासारखे दोन आवाज आले, पांढरा धूर निघाला आणि बाबांची हिरवी गाडी जागच्या जागी उभी राहिली. बाबा तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचे होते. त्यांनी उतरून डोक्यावरची टोपी काढली, मागचं दार उघडलं आणि नवरीला म्हणाले, "बाय, माफ कर. आजच्या दिवशी हिनं असं करायला नको होतं." नवरी हसली. तिने शालू जरा वर उचलला, करवलीचा हात धरला आणि उरलेलं अंतर चालत गेली. बँडवाले तिच्यापुढे वाजवत गेले. बाबा रस्त्यात गाडीजवळ एकटेच उरले. हे सगळं मला त्यांनीच अनेकदा सांगितलं आहे, आणि दर वेळी त्या मुलीचे आभार मानल्यासारखं.

ती गाडी अमेरिकन, पन्नासच्या दशकातली. पुढे क्रोमची जाड पट्टी, मागे गोल पाठ, आत सोफ्यासारखी सलग सीट आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली. बाबा तरुणपणी एका मिठागरवाल्या शेटजींकडे ड्रायव्हर होते. शेटजींनी नवी गाडी घेतली तेव्हा ही जुनी बाबांना देऊन टाकली. आमच्या घराने तीन पिढ्या मिठागरात पाय भाजून घेतलेले. दाराशी गाडी उभी राहील असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

गाडीत मुळात सहा सिलेंडरचं पेट्रोल इंजिन होतं. पण भाड्याच्या धंद्यात तेवढं पेट्रोल परवडेना, म्हणून मी सात-आठ वर्षांची असताना बाबांनी ते काढून टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलं. त्या दुसऱ्या इंजिनाने चाळीसहून जास्त वर्षं गाडी ओढली. पनवेल-उरणच्या गावागावांतल्या किती नवऱ्या तिच्यातून सासरी गेल्या त्याची मोजदाद नाही. माझं लग्न झालं नाही, त्यामुळे फुलांच्या माळा लावलेल्या त्या गाडीत मी कधी मागे बसले नाही. माझी जागा बॉनेटपाशी, हातात टॉर्च. बाबा म्हणायचे, "उजेड माज्या हातावर मार, तोंडावर नको." पुढे कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून तीस वर्षं नोकरी केली, तेव्हाही उजेड नेमका कुठे पाडायचा हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

त्या लग्नाच्या दिवशी टेम्पोने ओढून गाडी घरामागच्या शेडमध्ये आणली. डिझेल इंजिनाच्या ब्लॉकला बोटभर भेग गेली होती. पावसाळा झाला की बघू, असं बाबा म्हणाले. त्याच पावसाळ्यात त्यांना झटका आला. बोलणं वाचलं, उजवी बाजू वाचली. डावा हात आणि डावा पाय मात्र कमजोर झाले ते झालेच.

त्यानंतर रोज सकाळी ते काठी टेकत शेडमध्ये जायचे आणि ड्रायव्हरच्या जागेवर बसायचे. आई सुपात भिजवलेले वाल घेऊन मागच्या सीटवर बसायची आणि एकेक सोलत राहायची. विचारलं तर म्हणायची, "हितं वारा चांगला येतो." दोन-दोन तास दोघं त्या उभ्या गाडीत असायची.

एकदा मी त्यांना चहा द्यायला गेले. आई त्या दिवशी नव्हती. बाबांनी डावा पाय उचलून क्लचवर ठेवला होता आणि तो दाबायचा प्रयत्न चालला होता. पेडल हलत नव्हतं. मग त्यांनी उजव्या हाताने डावा गुडघा खाली रेटला. पेडल अर्धं गेलं आणि पाय थरथरून परत वर आला. त्यांनी पुन्हा रेटला. मी चहाचा कप शेडच्या कट्ट्यावर ठेवला आणि चपला न वाजवता परत फिरले.

त्या दिवशी मी ठरवलं की गाडीला इंजिन घालायचं, आणि ते असं घालायचं की क्लच दाबावाच लागू नये. म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवालं.

ज्या मिस्त्रींनी पूर्वी डिझेल बसवलं होतं ते अजून आहेत. बाबांच्याच वयाचे, एका डोळ्याने कमी दिसतं, गॅरेज जावई चालवतो. पण रोज दुपारच्या नमाजनंतर तिथे येऊन बसतात. मी त्यांना लहानपणापासून मिस्त्रीचाचा म्हणते. माझं सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "बेटा, आधी जागा मोजून आण. लोक आधी इंजिन उचलतात आणि मग ते मावत नाही म्हणून गाडी कापत बसतात. ही नादानी मी पुष्कळ पाहिली."

मी जागा मोजली. मोजण्याचं काम मला येतं. फुटलेलं डिझेल इंजिन चेनपुलीने बाहेर काढलं होतं, त्यामुळे बॉनेटखाली नुसता मोकळा खड्डा होता. लांबी भरपूर. रुंदी मात्र फसवी, कारण उजवीकडे स्टिअरिंगचा बॉक्स जागा अडवतो. खाली पुढच्या चाकांना धरून ठेवणारी आडवी लोखंडी पट्टी आहे, ती बरोबर इंजिनाच्या पोटाखाली येते. तिथे इंजिनाची तेलाची चेंबर खोल असली तर ती पट्टीवरच टेकणार. आजच्या बहुतेक गाड्यांची इंजिनं आडवी असतात आणि पुढची चाकं फिरवतात. ती आमच्या कामाची नव्हती. आम्हाला उभं, लांबट, मागच्या चाकांना जोर देणारं, तेलाचं पोट मागच्या बाजूला असलेलं इंजिन हवं होतं. हे सगळं मी वहीत लिहून काढलं.

मिस्त्रीचाचांनी त्यांच्या ओळखीच्यांकडून दोन-तीन इंजिनांची मापं मिळवून दिली. मी फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा कापून त्या मापांचे सांगाडे केले, चिकटपट्टी लावली आणि एकेक सांगाडा बॉनेटखाली उतरवून बघायला लागले. बाबा काठीवर हनुवटी टेकून बघत होते.

"पुठ्ठ्याचं इंजन," ते म्हणाले. "ॲव्हरेज काय देतं?"

आई मागच्या सीटवरून हसली. झटक्यानंतर बाबांनी केलेली ती पहिली थट्टा. मला इतकं बरं वाटलं की मी लगेच घाई केली. तो सांगाडा ज्या इंजिनाचा होता त्याच्याविषयी सांगायला लागले: जपानी, सहा सिलेंडरचं पेट्रोल, शांत चालतं, आणि त्याला गिअरबॉक्स जोडूनच येतो...

"डिझेलच घाल," बाबांनी मला तोडलं. "टेम्पोचंच. तिनं आपल्याला जेवायला घातलं. तुजी फी तिनं भरली."

"बाबा, पण डिझेलला क्लच..."

मी तिथेच थांबले, पण उशीर झाला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या पायाकडे.

"माज्या पायासाठी गाडी बदलू नको," ते म्हणाले. "ऑटोमॅटिक ती लंगड्याची गाडी. मी लंगडा हाय, गाडी नाय."

ते उठून घरात गेले. त्यानंतर दोन दिवस शेडमध्ये आलेच नाहीत. आई तेवढी एकटीच वाल घेऊन जायची, आणि मी पुठ्ठ्याचा सांगाडा भिंतीला टेकवून ठेवला होता तो तिथेच राहिला.

तिसऱ्या दिवशी मिस्त्रीचाचा जुन्या गाड्यांचा शौक असलेल्या एका गृहस्थांना घेऊन आले. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, दाराच्या कड्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "हिच्यात दुसरं काहीही घालणं म्हणजे पाप आहे. मूळचं इंजिन शोधा. ते मिळालं तर विंटेज म्हणून नोंद करता येईल, रॅलीत नेता येईल. मूळचं गेलं कुठे?"

बाबा काठी टेकत शेडच्या दारातून आत आले. मग म्हणाले, "नेऱ्याला. एका बागाईतदाराला दिली. नदीतून पानी खेचायला पंपाला लावली त्यानं."

हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं ते केव्हाच भंगारात गेलं.

पुढच्या रविवारी आम्ही रिक्षा करून नेऱ्याला गेलो. मागे मी, बाबा आणि आई. पुढे रिक्षावाल्याच्या बाजूला अंग चोरून मिस्त्रीचाचा. आईचं तिथे काही काम नव्हतं. तिला घराबाहेर पडायचं होतं, आणि ते तिने तसंच सांगितलं.

बागाईत राहिलेली नव्हती. तिथे आता मुंबईच्या कुणाचं तरी फार्महाऊस आहे. फाटकाशी राखणीला एक कातकरी बाई होती, आईपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असेल. जुन्या पंपाचं विचारल्यावर तिने हाताने 'या' केलं आणि आम्हाला नदीच्या बाजूला नेलं. बाबांना त्या उतारावर जमेना, तर तिने सरळ त्यांचा डावा दंड धरला.

जांभळाच्या झाडाखाली इंजिन होतं. सिमेंटच्या ओट्यावर बोल्टांनी आवळलेलं, गंजून मातीच्या रंगाचं झालेलं. वर कुणीतरी धुतलेलं फडकं वाळत घातलं होतं. बाईने ते पटकन काढून घेतलं.

"हीच ना? ही माजीच इंजन," ती म्हणाली. "मी हितं मजुरीला होती. सकालच्याला मीच हँडल मारायची. बाकी कुनाला जमत नव्हतं."

बाबांनी विचारलं, "हँडल उलटं फिरून हाताला मारायचं का?"

"मारायचं म्हंजे! एकदा अंगठा मोडला ना माजा." तिने उजवा अंगठा दाखवला. तो थोडा वाकडा होता.

"अंगठा वर ठेवायचा," बाबा म्हणाले. "मुठीत नाय धरायचा."

"मंग शिकली. बोटांच्या बाजूला ठेवायचा, असा." तिने हवेत हँडल धरून दाखवलं. बाबांनीही उजव्या हाताने तसंच धरून दाखवलं. दोघांची मूठ अगदी सारखी होती. हा हँडलचा फटका आम्हा बाकीच्यांपैकी मिस्त्रीचाचा सोडले तर कुणालाच ठाऊक नव्हता, आणि काही क्षण ती दोघं एकमेकांना जुनी ओळखत असल्यासारखी हसत उभी राहिली.

मग तिने झाडाच्या एका आडव्या फांदीकडे बोट केलं. "माजा थोरला पोरगा या फांदीला झोलीत असायचा. इंजन चालू असली की झोपायचा. बंद केली की उठून रडायचा. अशी गप चालायची ही. नदी ऐकू यायची तिच्या आवाजात."

मिस्त्रीचाचांनी खाली बसून एका छिद्रातून बोट आत घातलं. बोटाबरोबर ओली लाल पूड बाहेर आली. एका पुरात नदीचं पाणी इंजिनात शिरलं आणि तेव्हापासून ते बंदच आहे, असं बाईने सांगितलं. मिस्त्रीचाचांनी बोट पुसलं आणि मान हलवली. "भाऊ, आतून पार गेलंय. उचललं तर इथेच तुकडे होतील."

"तुमी नेनार होता का तिला?" बाईने विचारलं. तिचा हात इंजिनावर होता.

"नाय," बाबा म्हणाले. "तुजी हाय ती. राहू दे."

तिने आम्हाला पाणी दिलं, आणि निघताना आईच्या पदरात मूठभर वालाच्या ओल्या शेंगा घातल्या. घरच्या वालाचा आईला वीट आला असेल असं मला वाटत होतं, पण तिने त्या जपून पदराला बांधल्या.

येताना रस्त्याच्या कामासाठी वाहनं अडवली होती. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं. एकदम सगळं शांत झालं, आणि त्या शांततेत आई बोलली.

"ती बाई बरोबर बोलली. गप चालायची ती."

बाबा बाहेर बघत होते.

"गाडी आली तवाची दोन-तीन वर्सं," आई पुढे म्हणाली, "भाडं सोडून आलं की तुमी मला फिरवायला न्यायचे. उरनच्या रस्त्याला. किती बोलायचे तुमी तवा! शेटजी काय बोलला, कुठली नवरी रडली, कुठली रडली नाय. मी पुढं तुमच्या बाजूला बसायची. मंग डिझेल आली. तुमी बोलायचे आनि मी 'काय?' करायची. मी बोलायची, तुमी 'काय?' करायचे. दोघंबी दमलो. मंग मी यायचीच बंद झाली."

बाबा तिच्याकडे वळले. "तू कवा बोलली नाय हे."

"बोलली होती," आई म्हणाली. "ऐकू कुठं येत होतं?"

मी दोघांच्या मधोमध बसले होते. कुठे बघावं ते मला कळेना. मिस्त्रीचाचा समोर रस्त्याकडे बघत राहिले. अडवलेली वाहनं सुटली, रिक्षा सुरू झाली आणि तिच्या धडधडीत आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी निवडत होते. बाबा स्वयंपाकघराच्या दारात काठी टेकून उभे राहिले. "ते जपानी," ते म्हणाले, "कसं वाजतं?"

"तुम्हीच ऐका की."

जासईला कंटेनरच्या रांगांच्या मागे एक वखार आहे. परदेशातून आलेली जुनी इंजिनं तिथे प्लास्टिकमध्ये गुंडाळून लाकडी फळ्यांवर ओळीने ठेवलेली असतात. आरटीओचं काम करणाऱ्या एजंटाने मला आधीच बजावलं होतं की इंजिनावरचा नंबर आणि ते बाहेरून आल्याचे कागद जुळले नाहीत तर पासिंग होणार नाही. त्यामुळे बाबा आणि मिस्त्रीचाचांना घेऊन तिथे गेल्यावर मी आधी कागद मागितले. वखारवाला मला सोडून मिस्त्रीचाचांशीच बोलत होता. त्याने एक भलं मोठं आठ सिलेंडरचं इंजिन दाखवलं. "हे टाका. अमेरिकन गाडीला आठच शोभतात. उडेल गाडी."

"उडवायची नाय आमाला," बाबा म्हणाले.

मी त्याला सांगितलं की गाडीचे ब्रेक सत्तर वर्षांपूर्वीच्या बेताचे आहेत, मागच्या चाकांचा दांडाही तेवढाच जुना. एवढी ताकद घातली तर पहिल्या महिन्यात तो दांडा तुटेल. शिवाय त्याचं पोट पुढच्या बाजूला आहे, ते आमच्या पट्टीवर बसेल. त्यानंतर तो माझ्याशी बोलायला लागला.

सहा सिलेंडरचं इंजिन कोपऱ्यात होतं. माझ्या सांगाड्याची मापं वहीत होतीच. टेप लावून तपासली तर दोन ठिकाणी बोटभर फरक निघाला, बाकी जुळलं. वखारवाल्याच्या माणसांनी बॅटरी जोडली, पाण्याची नळी लावली, एका डब्यातून पेट्रोल दिलं आणि ते सुरू केलं. बाबांनी काठीचं टोक इंजिनाच्या अंगाला टेकवलं आणि काठीची मूठ कानाशी धरली. डोळे मिटले. मी त्यांच्या डाव्या बाजूला उभी होते, तोल गेला तर धरायला. ते बराच वेळ ऐकत होते. एकदा त्यांनी काठी पुढून मागे सरकवली, पुन्हा ऐकलं.

"सहाच्या सहा बोलतात," ते म्हणाले. "एकबी उपाशी नाय."

"म्हणजे घ्यायचं?"

त्यांनी काठी खाली घेतली. इंजिन चालूच होतं, आणि त्यांना आवाज चढवावा लागला नाही. "घे. तुजी आई काय बोलते ते तरी कलंल."

गिअरबॉक्स ऑटोमॅटिक आहे, हे त्या दिवशी कुणीच उच्चारलं नाही.

काम मिस्त्रीचाचांच्या गॅरेजमध्ये तीन महिने चाललं. माझ्या पुठ्ठ्याने एके ठिकाणी मला दगा दिला. मी इंजिनाचा सांगाडा नीट केला होता, पण गिअरबॉक्सची जाडी कमी धरली होती. त्यामुळे पुढच्या सीटखालचा पत्रा कापून उंच करावा लागला. मला फार वाईट वाटलं. मिस्त्रीचाचा म्हणाले, "माझ्या डिझेलच्या वेळी तर मी इंजिन आणि सीटमधली अर्धी भिंतच कापली होती. तुझ्या अब्बांनी आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं." तेलाची चेंबर एका कोपऱ्यात चेपून नव्याने वेल्ड केली, मागे जाणारा लांब शाफ्ट चार इंच कापला, इंजिन टेकायला नवे आधार बनवले. रेडिएटर जुनाच ठेवला, फक्त आतून नवा करून घेतला.

क्लचचं पेडल काढायचा दिवस आला तेव्हा मी बाबांना घरात थांबवायचं ठरवलं होतं. ते माझ्या आधी गॅरेजमध्ये हजर. मिस्त्रीचाचांच्या जावयाने पेडल सोडवून त्यांच्या हातात दिलं. त्यावरचं रबर एका बाजूने झिजून गुळगुळीत झालं होतं. बाबांनी अंगठ्याने त्यावरून एकदा हात फिरवला आणि ते बाकावर ठेवून दिलं.

"मिस्त्री," ते म्हणाले, "हितं रिकामं नको ठेवू. पाय ठेवायला कायतरी लाव. नायतर लोंबकलत राहील."

मिस्त्रीचाचांनी तिथे एक तिरकी पट्टी लावली आणि वर पायपुसण्याचा तुकडा चिकटवला. बाबांनी आत बसून डावा पाय त्यावर ठेवून बघितला. "बरं हाय," म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले, "लंगड्याचा पन पायच हाय ना." आणि हसले. मी हसू शकले नाही. बाकावरचा पाना उचलून उगाच पुसत राहिले.

डॉक्टरांना मी आधीच विचारलं होतं. रस्त्यावर गाडी चालवायची नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. मलाही तेच बरोबर वाटत होतं. आमच्या घरामागे चुलत्यांचा मोठा मोकळा प्लॉट आहे, भराव टाकून सपाट केलेला. गाडी पास होऊन आल्यावर एका सकाळी मी ती तिथे नेली, बाबांना ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं आणि स्वतः बाजूला बसले. आई कडेला गवतात उभी होती.

बाबांनी उजवा पाय ब्रेकवर ठेवला, दांडा ओढला आणि ब्रेक सोडला. गाडी आपसूक पुढे सरकली. ते दचकले. "ही तर स्वताच निघाली," म्हणाले. मग त्यांनी हलकेच पेट्रोल दिलं.

तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत त्यांचा चेहरा आवळलेला होता. दुसरीत त्यांनी आईच्या जवळून जाताना हॉर्न वाजवला आणि आई तोंडावर पदर धरून हसली. तिसऱ्या फेरीत वळताना डावा हात स्टिअरिंगवरून निसटला, गाडी थोडी बाहेर गेली, आणि त्यांनी उजव्या हाताने ती शांतपणे आत घेतली. मी हात पुढे केला होता तो मागे घेतला. गाडी थांबवून त्यांनी दांडा जागेवर टाकला.

"बस," ते म्हणाले. "मना कललं ते. आता तू चालव."

"अजून एक फेरी मारा ना."

"नाय बाय. चालवली मी. खूप चालवली." त्यांचा आवाज समाधानाचा होता. मी तो अनेकदा मनात पुन्हा ऐकून पाहिला आहे, त्यात दुःख शोधायला. मला सापडलं नाही. ते दार धरून उतरले, काठी मागितली आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. आईला म्हणाले, "ये."

मी उरणच्या रस्त्याला गाडी घातली. चाळीसच्या वर नेली नाही. मागे दोघं आपापल्या काचेतून बाहेर बघत होती. मग आईने विचारलं, "ते वडाचं झाड होतं ना, वलनावर?"

"रस्ता रुंद केला त्यात गेलं."

"आनि तो भजीवाला?"

"तो कंदीच गेला. त्याचा जावई गव्हानला दुकान चालवतो."

"त्याची बायको नांदली का?"

"कुनाची, जावयाची?"

मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. जावयाच्या बायकोचं काय झालं ते मला जासईच्या पुलापर्यंत सविस्तर कळलं. मी आरशात पाहायचं टाळलं.

आता गाडी आठवड्यातून एकदा तरी निघते. लग्नाची भाडी आम्ही घेत नाही. फिजिओथेरपीला, बाजारात, आईच्या बहिणीकडे, अशीच जाते. मागच्या महिन्यात आम्ही पेट्रोल भरायला पंपावर थांबलो होतो. पेट्रोल भरणाऱ्याने बॉनेटकडे कान लावून ऐकलं आणि मागच्या काचेत वाकून विचारलं, "काका, चालू आहे की बंद केली? आवाजच नाही. कुठलं इंजिन टाकलंय?"

बाबांनी काच पूर्ण खाली केली. ते इंजिन जपानी आहे, उभं आहे, पोट मागच्या बाजूला आहे, सहाच्या सहा बोलतात, आठवालं का नाकारलं, शाफ्ट किती इंच कापला, सगळं त्यांनी सांगायला घेतलं. मध्येच माझ्याकडे काठी करून म्हणाले, "पोरीनं निवडली. आदी पुठ्ठ्याची केली होती तिनं." पेट्रोल भरून झालं होतं. मागच्या टेम्पोने हॉर्न दिला, मग पुन्हा दिला. मी खिडकीतून हात बाहेर काढून त्याला थांब म्हटलं.